दाबून भरलेली वाटी

वजन उतरवायचं असेल तर दिवसाला किती कॅलरी खायच्या, हा प्रश्न मी जितक्या जणांना विचारला तितके आकडे मला मिळाले. शाळेत माझ्यासोबत शिकवणाऱ्या बाईंनी क्षणभरही विचार न करता बाराशे सांगितलं. मोबाइलमधल्या अ‍ॅपने वय, उंची, वजन असं सगळं वदवून घेतलं आणि अठराशेचा आकडा दाखवला. घराजवळच्या जिमचा ट्रेनर म्हणाला, "मॅडम, कॅलरी-वॅलरी छोडो, बस रोटी बंद करो." नवऱ्याला विचारलं तर पेपरातून मान वर न काढता तो म्हणाला, "कमी खा." जसं काही हे मला सुचलंच नव्हतं! माझं डोकं फिरायचं ते एवढ्यासाठी, की मी हे कुणाच्या लग्नात बारीक दिसायचं म्हणून विचारत नव्हते.

माझ्या धाकट्या भावाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. तो इथल्या स्टील प्लांटमध्ये, भट्ट्यांना गॅस पुरवणाऱ्या विभागात होता, लग्न व्हायचं होतं, रिसालीला आईसोबत राहायचा. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. आईला जुनी शुगर, त्यामुळे तिची किडनी चालणार नव्हती. माझी जुळली. रायपूरच्या डॉक्टरांनी माझे रिपोर्ट पाहिले, मला काट्यावर उभं केलं आणि म्हणाले, "किडनी उत्तम आहे. पण हे वजन आणि काठावरची शुगर घेऊन मी तुम्हाला टेबलवर घेणार नाही. आधी वजन उतरवा." म्हणजे भावाचं ऑपरेशन माझ्या पोटाच्या घेरावर अडलं होतं. तो दर खेपेला हातात दोन जाड सुया टोचून घ्यायचा आणि मी काट्यावर उभी राहून त्याच आकड्याकडे बघायची.

मी घाई केली. कुणाचाच आकडा पटेना, तेव्हा सगळ्यांपेक्षा कमी खायचं ठरवलं. सकाळी चहा, दुपारी काकडी, रात्री अर्धी पोळी. थोड्याच दिवसांत फळ्यावर लिहिता लिहिता डोळ्यांपुढे अंधारी आली आणि वर्गातल्या मुलींनी मला खुर्चीत बसवलं. डॉक्टर भयंकर चिडले. "उपाशी माणसाची किडनी मला नको आहे," असं म्हणून त्यांनी मला आहारतज्ज्ञ मुलीकडे धाडलं. तिने मी किती चालते, किती झोपते, काय काय खाते हे शांतपणे विचारलं आणि पंधराशे सांगितलं. "हा आकडा तुमचा आहे, शेजारणीला देऊ नका," असंही म्हणाली. पंधराशेचा अर्थ तिने ताटात समजावून सांगितला. दुपारी एक वाटी भात, एक वाटी वरण, भाजी हवी तेवढी, रात्री दोन पोळ्या. मला हायसं वाटलं. वाटी तर मला कळते.

माझं घर वैशाली नगरात असलं तरी शाळा रिसालीत, त्यामुळे दुपारचं जेवण आईकडे. भाऊ खाटेवर पडल्या पडल्या माझं अ‍ॅप चालवायचा. त्या अ‍ॅपला आमचा तांदळाच्या पिठाचा चीला ठाऊक नव्हता, डिंकाचा लाडू ठाऊक नव्हता. "आमच्या इथे बी कॅलरीच पाहतात, ताई," तो म्हणायचा. "गॅसमध्ये किती आहे ते पाहून भट्टीले देतात. तुयी भट्टी बहुत मांगते." मी हसायची. त्याच्या उशाशी दिवसभराच्या पाण्याची मापाची बाटली असायची आणि तो तिच्यातून घोट घोट प्यायचा. मी त्याच्यासमोर भुकेची तक्रार कधी केली नाही, कारण तो तहानेची करत नसे.

पण वजन हलेना! मी पंधराशेच्या वर एक घास जात नव्हते. शाळेतून घरी पायी येत होते. कुणाच्या वाढदिवसाचा केक मी तोंडात घातला नाही, दिवाळीत चकलीला हात लावला नाही. तरी काटा जागचा हलेना. डॉक्टरांनी दुसऱ्यांदाही ऑपरेशनची तारीख दिली नाही, तेव्हा त्यांच्या नजरेत मला स्वच्छ दिसलं, की ही बाई चोरून खाते असं त्यांना वाटतंय. परतीच्या बसमध्ये मी रागाने रडले. भाऊ शेजारी बसून खिडकीबाहेर बघत होता. "राहू दे ना ताई, होते आपोआप," एवढंच म्हणाला. त्याने मला बोल लावला असता तर बरं वाटलं असतं.

आईचं एक वेगळंच चाललं होतं. "किडनी देऊन राहिली तू. अंगात ताकत नको का? कावून जेवत नाई?" हे रोजचं. लाडू पुढे आला की मी सरकवायची, तुपाची वाटी आली की झाकायची. भात मात्र ती मुकाट्याने एकच वाटी वाढायची, त्यामुळे तिला कळलं असं मी समजत होते.

एका दुपारी हात धुऊन मी स्वयंपाकघराच्या दारात आले. आईची पाठ माझ्याकडे होती. माझ्या वाटीत तिने भात घातला, भातवाढीच्या पाठीने दाबला, पुन्हा घातला, पुन्हा दाबला. मग अंगठ्याने मधे खळगा केला, त्यात तूप सोडलं आणि वरून भाताने बुजवलं. वरण कालवल्यावर ते मला कधी कळलं नव्हतं. मी पुढे होऊन ती वाटी ताटात उपडी केली. भात मुदीसारखा उभा राहिला. मी तो बोटांनी मोकळा केला आणि पुन्हा वाटीत भरू लागले. वाटी भरली, आणि जवळजवळ तेवढाच भात ताटात उरला.

मी ओरडले. इतकी वर्षं वर्गातल्या मुलींवरही कधी ओरडले नसेन तशी ओरडले. "मी उपाशी मरून राहिली, डॉक्टर मले चोर समजते, आणि तू भात दाबून राहिली? त्याचं ऑपरेशन अडलं आहे, आई! तुयामुळं अडलं आहे!"

"मूद तं दाबूनच पाडतात," आई म्हणाली. मग तिने भातवाढी पातेल्यात टाकली. "त्याले काय देऊ सांग. टमाटर नको, केळं नको, भाजी उकळून पानी फेका, मीठ नको. भात दिला तं दोन घास खाऊन ताट सरकवते. प्यायले पानी बी माप लावून. मंग मी कोनाले वाढू?"

ताटात उरलेल्या त्या भाताकडे मी बघत राहिले. तो माझा नव्हताच. त्याच्या ताटातून जे जे डॉक्टरांनी काढलं होतं, ते ती महिनोन् महिने माझ्या वाटीत दाबत होती आणि मी दोघांचं जेवत होते. राग गेला नाही. तो कुणावर काढावा, एवढंच कळेनासं झालं.

दुसऱ्या दिवसापासून भात मोकळा येऊ लागला. आई वाढायची आणि लगेच पाठ फिरवायची. काटा हलला, रडतखडत का होईना. डॉक्टरांनी एकदाची तारीख दिली आणि माझी डावी किडनी भावाची झाली.

घरी आल्यावर काही आठवड्यांनी आम्ही दोघं पहिल्यांदा शेजारी जेवायला बसलो. त्याला आता पाणी भरपूर प्यायला सांगितलं होतं. मात्र औषधांनी भूक खवळते, वजन सांभाळा, म्हणून त्याच आहारतज्ज्ञ मुलीने त्यालाही त्याचा आकडा देऊन ठेवला होता. आईने त्याची वाटी घेतली. भात घातला, भातवाढीच्या पाठीने दाबला, पुन्हा घातला. मी वरणाची वाटी त्याच्याकडे सरकवली. त्याने ती मूद ताटात पाडली आणि खायला लागला, घास मोठे घेत.

मग माझी वाटी आली. मोकळी, काठाच्या खाली. मला लहान पोरीसारखा राग आला. "माया वाटीत बी दाब ना थोडा," मी म्हणाले.

आईने पातेल्यावर झाकण ठेवलं.

"तुयापाशी आता एकच उरली," ती म्हणाली. "तुले एकच वाटी. ते बी मोकळी."