तेलाच्या पिप्याची रेसिंग गाडी

मोटरसायकलचं इंजिन गार कसं राहते, हे आमच्या पांढुर्ण्यात मले सोडून साऱ्यांना माहीत होतं.

माझे बाबा मास्तर. आपली जुनी मोटरसायकल ते सौंसरच्या एका संत्रा व्यापाऱ्याले विकाले निघाले. मी तेव्हा अकरावीत. गाडी गेली म्हणजे शानच गेली! मी हट्टाले पेटलो.

"बाबा, सौंसरच्या बसच्या आधी गाडी तिथं पोचवतो. पोचलो तर विकायची नाही!"

"मंजूर," बाबा म्हणाले. "पण मी मागं बसीन."

मासिकातल्या विलायती रेसिंग गाडीचा फोटो पाहून मी कामाले लागलो. हँडल खाली वाकवलं. मडगार्ड काढले. मागच्या चाकाची, चेनची दातेरी चकती लहान बसवली. (पळ वाढते. चढावर रडते, हे नंतर समजलं!) आणि हवा कापाले इंजिनासमोर तेलाचे दोन पिपे फाडून चिलखत ठोकलं.

आई ओरडली, "अबे, एकात तेल होतं ना!"

"आता त्यात स्पीड हाय, आई!"

बस सुटली, आम्हीबी सुटलो. मी टाकीवर आडवा, बाबा मागं छत्री घेऊन ताठ! मी कापलेली हवा ते पुन्हा जमा करून राहिले होते.

"बाबा, वाका ना!"

"मी हेडमास्तरसमोर नाही वाकलो बे!"

तरी आम्ही बसच्या पुढं! खुशीत मी तोंडानंबी "घ्रुंऽऽऽ" काढून राहिलो.

"लय आवाज करून राहिली गाडी," बाबा म्हणाले.

"अर्धा माझा हाय!"

मग चढ लागला. तिसरा गिअर, दुसरा, पहिला...

"काहीतरी जळून राहिलं बे."

"स्पीडचा वास हाय, बाबा!"

खट्! इंजिन जाम. गाडी रस्त्याखाली कपाशीत, आम्ही तिच्याखाली! वर रस्त्यानं बस निघून गेली. कंडक्टरनं वाकून नमस्कार केला. मास्तरांनाच केला असंल!

कपाशीवाल्या काकांनी पत्रा ठोकून पाहिला. "हवा अडवाले लावला का हा? अबे, त्याच हवेनं तर इंजिन गार होते!"



काकांच्या बैलगाडीत टाकून मोटरसायकल सौंसरले नेली. व्यापाऱ्यानं तिच्याभोवती तीन चकरा मारल्या.

"मास्तर, पिपे ठेवून जा. बाकीचं वापस न्या."

म्हणजे जिंकलो मीच! गाडी विकली नाही, घरीच राहिली. अजून कोणी फुकट न्याले तयार नाही!