बायकोच्या फोटोला हार

माझी बायको चांगली हिंडती-फिरती असताना तिच्या फोटोला नऊ वर्षं चंदनाचा हार होता, आणि तो फोटो मीच नेऊन दिला होता. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात मी बावीस वर्षं भांडार सांभाळलं. कुठली वस्तू कुणाच्या हाती द्यायची आणि कुठली नाही, एवढं तरी मला कळायला हवं होतं.

कारखान्यात असताना मी नाट्यस्पर्धांतून कामं करायचो. पुढे घरोघरी केबल आली, वाहिन्या वाढल्या आणि त्यांना रोज संध्याकाळी रडणारी माणसं लागू लागली. मी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि मुंबईत शूटिंग होणाऱ्या एका मालिकेत आप्पा झालो. आप्पा म्हणजे पेठेतले निवृत्त मास्तर. त्यांची बायको मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेत गेलेली. तेव्हा पुण्यातल्या निम्म्या आज्या कॅलिफोर्नियात नातवंडांचे लंगोट बदलत होत्या, त्यामुळे कुणाला काही खटकलं नाही. खरं कारण असं की त्या कामासाठी वेगळी नटी घ्यायची नव्हती. ती फक्त फोनवर असायची, आणि तिचा आवाज ऐकल्याचं सोंग मी करायचो. भिंतीवर मात्र फोटो हवा होता. सजावट बघणारा माणूस म्हणाला, "सर, घरून एखादा जुना आणाल का?" मी आमचा लग्नानंतरचा जोडीचा फोटो दिला. त्यांनी त्यातून मला कापून टाकलं आणि तिला मोठी करून लावली. बायकोला तेव्हा विचारलं होतं. "लावा की. तेवढीच फुकटात अमेरिका होईल," ती म्हणाली.

दीड वर्षानं प्रेक्षक घटले. वाहिनीनं ठरवलं की बाई अमेरिकेतच वारल्या. हातातून फोन गळून पडतो, ते दृश्य मी एका दमात दिलं आणि टाळ्या घेतल्या. दुसऱ्या दिवशी मेकअप करून सेटवर आलो, तर फोटोला हार आणि समोर उदबत्ती. आदल्या दिवशी आप्पांच्या बायकोला मारताना भिंतीवर माझी बायको आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"हा काढा. ही माझी बायको आहे," मी म्हणालो.

"आता कसा काढणार, आप्पा?" दिग्दर्शक म्हणाला. "लोकांनी दीड वर्षं हाच चेहरा पाहिलाय. आणि हा भाग आज संध्याकाळी जायचाय."

सगळे माझ्याकडे बघत थांबले होते. मी 'बरं' म्हणालो. घरी फोन करायचं मनात होतं, ते राहून गेलं.

बायको सदाशिव पेठेतल्या एका बँकेत कॅशला बसायची. दुसऱ्या दिवशी पेन्शन घ्यायला आलेल्या एका आजोबांनी काचेपलीकडून तिला निरखून विचारलं, "आपण काल वारलात ना?"

"हो. पण जेवणाच्या सुट्टीपर्यंत काउंटर चालू आहे," ती म्हणाली.

मुंबईहून परतल्यावर मी गयावया केली, तेव्हा म्हणाली, "हाराचं काही नाही हो. विचारलं असतंत तर हो म्हटलं असतं. या वेळी विचारलं नाहीत." विषय तिथेच संपला असं मी धरून चाललो.

मग दर शुक्रवारी आप्पा त्या फोटोशी बोलू लागले. प्रेक्षकांना ते फार आवडायचं. एका शुक्रवारी भाग दोन मिनिटांनी कमी पडला आणि लेखकाचा पत्ता नव्हता. "आप्पा, मनातलं काहीतरी बोला," दिग्दर्शक म्हणाला. कॅमेरा सुरू झाला आणि मी आमच्या पहिल्या मुलीबद्दल बोलून गेलो. ती नऊच दिवस जगली होती. तिचं विणलेलं टोपडं बायकोनं कपाटात साड्यांखाली ठेवलं होतं. दर वर्षी मुलीच्या वाढदिवशी ती ते धुवायची आणि न्हाणीघरात, कुणाला दिसणार नाही अशा बेतानं वाळत घालायची. मला हे माहीत आहे, हेसुद्धा आम्ही कधी एकमेकांशी बोललो नव्हतो. ते सगळं मी तिच्या फोटोकडे बघत बोललो. ग्लिसरीन लागलं नाही. दृश्य संपलं तेव्हा दिवेवाले डोळे पुसत होते आणि मला, सांगायला लाज वाटते, भूक लागली होती. काम चांगलं झालं की मला भूक लागते.

तो भाग दाखवून झाल्यावर मी घरी आलो, तेव्हा ती मेथी निवडत होती. "पाहिलंस?" मी विचारलं.

"पाहिलं. बँकेत तिघीजणी माझ्या गळ्यात पडून रडल्या." ती निवडत राहिली. "ते टोपडं माझं होतं हो."

मी माफी मागितली. माझा आवाज कापत होता, आणि तो नेमका हवा तिथे कापतोय, हेही मला कळत होतं.

त्यानंतर घरात भांडण झालं नाही. दूध, गॅस, मुलाची हिंजवडीतली नोकरी, सगळी बोलणी चालू होती. त्यामुळे तिनं मला स्वतःबद्दल काहीही सांगणं बंद केलंय, हे माझ्या लक्षात यायला काही वर्षं गेली. तेही मला दुसऱ्याकडून कळलं. एका बुधवारी दृश्य आटोपून मोबाइल उघडला, तर मुलाचा निरोप होता: आईचं ऑपरेशन झालं, आता बरी आहे.

मी आप्पांच्या धोतरातच टॅक्सी करून पुणं गाठलं. छातीत गाठ होती. दोन महिन्यांपूर्वी तिच्या हाताला लागली होती. तपासण्या आणि ऑपरेशनची तारीख, सगळं तिनं माझ्या शूटिंगचे दिवस बघून ठरवलं होतं आणि मुलाला तोंड बंद ठेवायची ताकीद दिली होती. मी खाटेच्या कडेला बसलो.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते," ती म्हणाली. "पण मध्ये शुक्रवार येत होता."

माझे डोळे भरून आले. ती माझ्याकडे नीट बघत होती, टीव्हीकडे बघायची तशी. मग मान वळवून मुलाला म्हणाली, "यांना पाणी दे."

हे रडणं खरं आहे, असं मला तिला सांगायचं होतं. पण हे वाक्य आप्पांनी दहा वेळा तरी म्हटलं होतं, आणि दहाही वेळा तिनं ते घरी बसून ऐकलं होतं.