शेवटची अकरा पानं

मंडळी, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या मुलीच्या गोष्टीची ती तीन इंग्रजी पुस्तकं आज दुपारी माझी वाचून संपली. तिला शहरातल्या इमारतींचे बंद मजले दिसतात आणि तिथे अडकलेली मेलेली माणसंही. पहिला भाग मस्त आहे. दुसऱ्यात मारामारी फार.

पुस्तकं माझ्या नवऱ्याची, फ्रान्सिसची. इथे आखातात आठवडा गुरुवारी संपतो; त्या दिवशी सोहारच्या नोकरीवरून वादी कबीरला घरी आला की सोफ्यावर हीच वाचत पडायचा. तो जाऊन दोन वर्षं झाली. हॉस्पिटलात त्याला अक्षरं दिसेनाशी झाली, तेव्हा म्हणाला होता, "एवढा शेवट वाचून दाखव गं."

माझं इंग्रजी घरीच वाचून वाचून शिकलेलं. अडखळले तर नर्स हसतील, म्हणून मी म्हटलं, "बरा हो आणि स्वतःच वाच."

तिसऱ्या पुस्तकात त्याची खूण अजून तिथेच होती. अकरा पानं उरलेली. आज ती मी मोठ्याने वाचली. मुलगी सगळे मजले उघडते आणि माणसं एकेक करून खाली उतरतात, आपापल्या घरी जातात.

लेक आतून ओरडली, "मम्मा, किती स्लो वाचतेस! आणि एंड एकदम रश्ड आहे ना?"

मी घड्याळ पाहिलं. अडखळत वाचूनही वीसच मिनिटं लागली होती.

तुम्हालाही शेवट घाईचा वाटला का? मला तो फार आवडला. फ्रान्सिसला मात्र तो मी कळू दिला नाही.