डॉक्टरांना मी बंगळुरू सांगितलं

“फाल्सिपेरम मलेरिया आहे,” डॉक्टर म्हणाल्या, “आणि तो मेंदूपर्यंत गेलाय. आता मला नीट सांगा, गेल्या दोन महिन्यांत हे कुठे कुठे गेले होते?”

खराडीतल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या इमर्जन्सी विभागात मी उभी होते. पडद्यापलीकडे माझ्या यजमानांचे हात खाटेला बांधले होते, कारण ते सारखे उठून जायला बघत होते. डॉक्टरांच्या हातात वाघोलीच्या आमच्या नेहमीच्या दवाखान्याचा कागद होता. त्यावर लिहिलं होतं, प्रवास : बंगळुरू.

“मालावीला,” मी म्हणाले. “आफ्रिकेत. तीन महिने होतो. परत येऊन सोळा दिवस झाले.”

“मग हे बंगळुरू कोणी सांगितलं?”

“मी.”

त्यांनी कागदावरून नजर उचलली. “प्रवासाचं आम्ही गप्पा मारायला विचारतो असं वाटलं का तुम्हाला?”

उत्तराची वाट न बघता त्या आत गेल्या. पडद्याआडून त्यांचा आवाज आला, “आर्टेसुनेटचं इंजेक्शन काढा, लगेच.”

आमच्यासारख्या आणखी कोणावर ही वेळ येऊ नये, म्हणून हे लिहिते आहे. स्वतःची चूक असताना लिहिणं अवघड जातं, पण त्याला इलाज नाही.

आम्ही दोघंही निवृत्त. मी शाळेत मराठी शिकवायचे, हे सरकारी कारखान्यात फिटर होते. आमच्या मंडळीतून, म्हणजे चर्चमधून, काही जण दरवर्षी परदेशात सेवेला जातात. यंदा आम्हीही मालावीतल्या एका खेड्यात गेलो. हे हातपंप दुरुस्त करायचे. मी सकाळी आंब्याच्या झाडाखाली बायकांना पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, शिकवायचे आणि त्याच पानांवरून अक्षरओळखही करून द्यायचे. ती माणसं आमच्याआधीपासून ख्रिस्ती होती. कोणाचा धर्म बदलायचा प्रश्नच नव्हता.

पण निघण्याआधी आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी लिफ्टमध्ये हसत विचारलं होतं, “काय, तिकडे जाऊन धर्म वाढवणार वाटतं?” ते हसणं मला लागलं. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगू लागले, मुलीकडे चाललोय, बंगळुरूला.

परत आल्यावर अकराव्या दिवशी ह्यांना थंडी वाजून ताप भरला. दवाखान्यात गर्दी होती, कारण तेव्हा घरोघरी डेंग्यू चालू होता. डॉक्टरांच्या खोलीचं दार उघडंच होतं आणि दाराशी बाकावर तेच गृहस्थ बसले होते. डॉक्टरांनी विचारलं, “बाहेरगावी कुठे?” आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “बंगळुरूला, मुलीकडे.”

तापाने मान खाली गेलेली असतानाही ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. घरी आल्यावर म्हणाले, “खोटं कशाला बोललीस?”

“रिपोर्ट येऊ दे, मग सांगू,” मी म्हणाले.

रिपोर्ट आला. डेंग्यू नव्हता, पण प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या पेशी, बऱ्याच कमी झाल्या होत्या. “व्हायरल असेल, भरपूर पाणी द्या, दोन दिवसांनी परत तपासू,” डॉक्टर म्हणाले. त्यांना जे सांगितलं होतं त्यावरून त्यांचं बरोबरच होतं. ताप मधूनमधून उतरायचा. उतरला की मला वाटायचं, आता कशाला सांगायचं?

पाचव्या दिवशी सकाळी ह्यांचे डोळे पिवळे दिसले. लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली होती. मी नाश्ता घेऊन गेले, तर हे गादीवर हात फिरवत म्हणाले, “मोठा पाना कुठे ठेवलास? बायका पंपाशी थांबल्यात.” मी माझं नाव विचारलं, तर ते त्यांना आठवेना.

ॲम्ब्युलन्स नगर रोडच्या गर्दीत अडकली. सायरन वाजत होता आणि पुढची बस जागची हलत नव्हती. ह्यांची प्रवासाची बॅग मी आवरली नव्हती, तशीच उचलून आणली होती. विम्याचं कार्ड शोधायला ती उघडली तर आत डॉक्सिसायक्लिनचं भरलेलं पाकीट सापडलं. मलेरिया होऊ नये म्हणून घ्यायच्या या गोळ्या परत आल्यावरही चार आठवडे घ्यायच्या असतात. माझ्या मी घेत होते. ह्यांना त्या गोळ्यांनी ॲसिडिटी व्हायची, म्हणून न सांगता बंद केल्या होत्या. म्हणजे घरात लपवणारी मी एकटी नव्हते. त्या क्षणी मात्र त्याचा राग यायलाही वेळ नव्हता.

रुग्णालयात पेरिफेरल स्मीअर केला. म्हणजे रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. त्यात जंतू दिसले, नको तितके. आयसीयूत नेताना डॉक्टर म्हणाल्या, “इंजेक्शन सुरू केलंय. आता पहिले दोन दिवस महत्त्वाचे. किडनी दमलीय. मी आश्वासन देणार नाही.”

आयसीयूबाहेर लोखंडी खुर्च्या होत्या. भेट फक्त अकरा वाजता आणि पाच वाजता, एका वेळी एक जण. मुलगी दुपारच्या विमानाने आली आणि काही न विचारता माझ्याशेजारी बसली. दार उघडलं की आम्ही दोघी उठायचो. बहुतेक वेळा नाव दुसऱ्याच कोणाचं असायचं.

दुसऱ्या दिवशी क्रिएटिनिन वाढलं. हा किडनीच्या कामाचा आकडा. तो चढला की शरीरातली घाण बाहेर पडत नाही असं समजायचं. डायलिसिस, म्हणजे यंत्राने रक्त साफ करणं, त्यासाठी माझी सही घेतली. सही करताना मी स्वतःचं नाव दोनदा चुकले.

त्याच दिवशी मंडळीतले एक वडीलधारे भेटायला आले. भला माणूस, येरवड्याहून दोन बस बदलून आला होता. माझ्याजवळ बसून ते म्हणाले, “ताई, धीर धरा. सगळं देवाच्या योजनेत असतं.”

मला त्यांचं तोंड बंद करावंसं वाटलं. हात जोडून मी नुसती मान हलवली आणि तेव्हाच मला एस्तेर आठवली.

एस्तेर माझ्या वर्गात येणारी खेड्यातली बाई, जरा बरं इंग्रजी येणारी. आम्ही तिथे असताना तिची चार वर्षांची मुलगी मर्सी मलेरियाने गेली. दुसऱ्याच दिवशी मी शास्त्र घेऊन तिच्या दारात गेले आणि अगदी हेच वाक्य तिला ऐकवलं. वर छोटासा धडाही दिला. ती माझ्याकडे बघत राहिली. तिचं समाधान झालं असं समजून मी परत आले. त्या लोखंडी खुर्चीवर बसल्यावर मला ती नजर कळली.

तिसऱ्या दिवशी अकराला आत गेले तर नर्स म्हणाली, “काकू, आज कमी झालेत जंतू, खूपच.” ह्यांचे डोळे मिटलेले होते. मी कपाळावर हात ठेवला. बऱ्याच वेळाने डोळे उघडले, इकडेतिकडे फिरले, माझ्यावर थांबले. ओठ हलले. मी कान जवळ नेला.

“डॉक्टरांना सांगितलंस?”

“हो,” मी म्हणाले. “सगळं.”

त्यांनी पुन्हा डोळे मिटले. मी बाहेर येऊन मुलीला मिठी मारली आणि पहिल्यांदा रडले.

डायलिसिस आणखी एकदा करावं लागलं. मग एका सकाळी तीच नर्स लघवीची पिशवी उचलून दाखवत म्हणाली, “बघा, दोनशे एमएल! स्वतःची आहे!” एवढ्याशा गोष्टीचा कोणाला इतका आनंद होतो, हे मला माहीत नव्हतं. अकराव्या दिवशी घरी सोडलं. त्यानंतर महिनाभर दर आठवड्याला हिमोग्लोबिन तपासलं, कारण या औषधानंतर कधीकधी रक्तपेशी उशिराने फुटतात. ह्यांचा उजवा हात अजून थोडा कापतो. बारीक स्क्रू त्यांना बसवता येत नाही आणि त्याची चिडचिड मी ऐकून घेते.

घरी आल्यावर मी वाघोलीच्या डॉक्टरांकडे गेले आणि खरं सांगितलं. मलेरिया निघाल्याचं त्यांना रुग्णालयाकडून आधीच कळलं होतं. ते म्हणाले, “बरं झालं आलात. माझं काय चुकलं, हेच मी इतके दिवस शोधत होतो.” माझ्या एका खोट्याने आणखी एका माणसाची झोप उडवली होती, याचा मी विचारच केला नव्हता.

परदेशी सेवेला जाणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. गोळ्या पूर्ण घ्या, त्रास झाला तर डॉक्टरांना विचारून बदला. परत आल्यावर ताप आला, तर कुठे होतात ते पहिल्या वाक्यात सांगा. बाकावर कोण बसलंय ते बघू नका. त्या डॉक्टरबाईंनी, त्या नर्सने आणि ते औषध शोधणाऱ्या अनोळखी माणसांनी माझा नवरा परत दिला. त्यांच्यासाठी मी रोज प्रार्थना करते.

गेल्या रविवारी मी एस्तेरला फोन लावला. तिला वाटलं, मी पुढचा धडा सांगणार. ती म्हणाली, “थांबा, वही घेते.”

“वही नको,” मी म्हणाले. “मला मर्सीबद्दल सांग. तेव्हा मी विचारलंच नाही.”

 ती बोलायला लागली. मर्सी सगळ्यांच्या चपला लपवायची. वाळत घातलेले शेंगदाणे फ्रॉकमध्ये भरून न्यायची. ताप आला तेव्हा एस्तेर तिला पाठीवर बांधून दवाखान्यापर्यंत चालत गेली होती. तिथे एरवी तेच इंजेक्शन मिळायचं, जे ह्यांना दिलं. पण त्या दिवशी ते संपलेलं होतं.

माझ्याकडे शास्त्रातलं कुठलंच वचन नव्हतं आणि मी शोधलंही नाही. मी ऐकत राहिले. तिचं बोलणं चालू असतानाच रेंज गेली आणि फोन कटला.

मी पुन्हा लावला.