मामांनी पारखलेली आयरिश शाळा

माझ्या नवऱ्याच्या मामांइतका संशयी माणूस अमेरिकेच्या पन्नास राज्यांत शोधून सापडायचा नाही, आणि त्यांच्याइतका उपयोगी माणूसही. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी डेट्रॉइटच्या एका मोटार कंपनीत ब्रेक तपासण्यात घालवली होती. गाडी कशी चालेल याची काळजी बाकीच्यांनी करायची आणि ती कुठे थांबणार नाही याची मामांनी. निवृत्तीबरोबर ब्रेक सुटले, पण पारखायची खोड सुटली नाही. मामी जाऊन बरीच वर्षं झाली होती, एकुलता एक मुलगा लांब पश्चिमेकडे रेडमंडला सॉफ्टवेअरमध्ये होता, त्यामुळे डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमधल्या आम्हा मराठी मंडळींच्या बारीकसारीक खरेद्या हेच मामांचं कार्यक्षेत्र झालं होतं. आम्ही गादी घ्यायला गेलो तेव्हा मामा बूट काढून, टोपी पोटावर ठेवून दुकानातल्या गादीवर आडवे झाले, ते चक्क घोरायला लागले. विक्रेता बिचारा दबक्या आवाजात बोलत बाकीच्या गिऱ्हाइकांना कडेकडेने नेत होता. जागे झाल्यावर मामांनी शेजारची गादी घ्यायला सांगितली. ही का नको, असं नवऱ्याने विचारलं तर म्हणाले, "ही फार लवकर झोपवते. तुला सकाळी ऑफिसला जायचं असतं."

घर घेताना त्यांनी घरातले सगळे नळ एकदम सोडायला लावले आणि स्वतः तळघरात भिंतीला कान लावून डोळे मिटून उभे राहिले. एजंट बाईंना वाटलं, म्हातारबाबा प्रार्थना करताहेत, म्हणून त्याही हात जोडून उभ्या राहिल्या. नंतर कचरा उचलायच्या दिवशी मामा त्या रस्त्यावर गाडी लावून बसले, कुणी काय टाकलंय ते पाहिलं, आणि शेजार उत्तम असल्याचा निर्वाळा दिला. मी पुण्याहून नवी आले होते तेव्हा मला गाडी शिकवायलाही तेच. शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये शांतपणे भावगीत गुणगुणत बसायचे आणि मध्येच, काहीही आडवं आलेलं नसताना, "ब्रेक" म्हणायचे. आठवडाभराने त्यांनी नवऱ्याला सांगितलं, "हिच्या पायाला भान आहे." सासरकडून मला मिळालेलं हे पहिलं प्रशस्तिपत्र. ब्रेकचं किंचाळणं ऐकून ऐकून त्यांचे कान अर्धे गेले होते, म्हणून फोन ते कायम स्पीकरवर टाकून बोलत. साहजिकच त्यांच्या आयुष्यात खासगी असं काही उरलं नव्हतं, आणि त्यांच्याशी बोलणाऱ्यांच्याही.

तर अशा या मामांपुढे २००६ च्या हिवाळ्यात आमच्या सईचं प्रकरण आलं. सई तेव्हा पंधरा वर्षांची. आमच्या मागच्या रस्त्यावर राहणारी केटलिन तिची जिवलग मैत्रीण, आणि केटलिनची आजी मूळची आयर्लंडची. दोघी पोरी लहानपणापासून आयरिश नाच शिकायच्या. दोन्ही हात अंगाला चिकटवलेले आणि पाय मात्र लाह्यांसारखे उडताहेत, असा तो नाच. मामा पहिल्यांदा बघायला आले तेव्हा कार्यक्रम संपेपर्यंत त्यांची नजर पोरींच्या घोट्यांवरून हलली नाही. नाचाबरोबर आजीने पोरींना थोडी आयरिश भाषाही शिकवली होती, आणि आता केटलिन उन्हाळ्यात आयर्लंडच्या एका भाषाशाळेत जाणार होती. तिकडे अशा शाळा उन्हाळ्यात भरतात. मुलं तीन आठवडे आयरिश बोलणाऱ्या गावात एखाद्या घरी राहतात, सकाळी वर्ग, संध्याकाळी नाच-गाणी, आणि सगळं आयरिशमध्ये. सईने जेवताना जाहीर केलं की तिलाही जायचंय.

मी वाटी खाली ठेवली. हीच पोरगी इथल्या मराठी मंडळाच्या शाळेत दोन वर्षं रडतखडत जाऊन "इट्स बोअरिंग, आई" म्हणून बसली होती. मी मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, हे आमच्या घराचं वळण झालं होतं. आणि आता हिला कुठल्या समुद्राकाठच्या खेड्यातली भाषा हवी होती. मी तसं बोलूनही दाखवलं, जरा जास्तच लागेल असं. सई पान अर्धवट टाकून वर निघून गेली. नवरा ताटातल्या कोशिंबिरीत काहीतरी शोधू लागला. तो रविवार होता, म्हणजे मामा जेवायला होतेच. त्यांनी ताक संपवलं, मिशा पुसल्या आणि जावं की न जावं या मुद्द्याला हातही न लावता विचारलं, "अशा शाळा किती आहेत तिकडे?"

पुष्कळ होत्या. मामांनी त्या सगळ्यांची पत्रकं मागवली, इंटरनेटवरून पानंच्या पानं छापून आणली आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर त्यांचं ठाण मांडलं. आम्ही महिनाभर ओट्याशी उभ्याने जेवत होतो. पहिली शाळा चकचकीत होती. तिच्या पत्रकावर पोहण्याचा तलाव, टेनिस, पिझ्झा आणि हसणारी पोरं होती. मामा म्हणाले, एवढं सगळं ट्रॉयमध्येच आहे, त्यासाठी समुद्र कशाला ओलांडायचा. दुसऱ्या शाळेत त्यांनी फोन लावला. तिथल्या तरुणाने छान गप्पा मारल्या. मामांनी विचारलं, पोरं शिक्षकांची पाठ वळली की इंग्रजी बोलतात का? तो मोकळेपणाने हसला आणि म्हणाला, मुलंच ती, थोडंफार चालायचंच, आम्ही फार कडक नाही. मामांनी त्याचे आभार मानले, फोन ठेवला आणि त्या कागदांवर फुली मारली. मला म्हणाले, "ब्रेक थोडासा लागतो असं नसतं गं. लागतो, नाही तर लागत नाही."

एवढ्या कडकपणाचं कारण मला ठाऊक होतं, पण ते आम्ही कधी उच्चारत नसू. मामांचा मुलगा बालवाडीत गेला तेव्हा तिथल्या बाईंनी सांगितलं होतं की घरात इंग्रजीच बोला, नाही तर मूल मागे पडेल. मामा-मामींनी ते ऐकलं. मुलगा मागे पडला नाही, फार पुढे गेला. दर रविवारी बापलेक फोनवर बोलत, तेही इंग्रजीतून, आणि मुख्यतः हवेबद्दल.

तिसरी शाळा अगदी पश्चिम किनाऱ्यावरची, छोटी, पत्रक काळंपांढरं. नियम एकच होता, तोही ठळक अक्षरांत: इंग्रजी बोलताना तिसऱ्यांदा सापडलात तर सामान बांधून घरी. मामांचा चेहरा उजळला. पण पत्रकावर विश्वास ठेवतील तर ते मामा कसले. त्यांनी शाळेला इतके प्रश्न विचारले की शेवटी, बहुधा सुटका व्हावी म्हणून, शाळेने पोरी ज्यांच्या घरी राहणार होत्या त्या बाईंचीच परवानगी काढून त्यांचा फोन नंबर दिला. एका शनिवारी सकाळी मामांनी आमच्याकडून तो फोन लावला. मी शेजारीच पोहे निवडत होते.

बाईंनी आयरिशमध्ये फोन उचलला. मामांनी इंग्रजीत नाव-गाव सांगितलं. बाई आयरिशमध्येच उत्तरल्या. मामांनी पुन्हा इंग्रजीत विचारलं, की आपल्याला इंग्रजी येतं का. पलीकडे त्या हसल्या, म्हणजे येत होतं, पण उत्तर पुन्हा आयरिशमध्ये. या बाई आपल्या घरात इंग्रजी शब्द तोंडातून काढत नाहीत, मग पलीकडे अमेरिका का असेना, हे मामांच्या लक्षात आलं. त्यांनी क्षणभर विचार केला, खुर्चीत सरसावून बसले आणि स्वच्छ अकोल्याच्या मराठीत बोलायला लागले.

पुढचा संवाद मी कानांनी ऐकलाय म्हणून सांगते. मामा सांगत होते की पोरगी गुणी आहे, पण सकाळी लवकर उठत नाही. बाईंनी त्यावर बरंच काही सांगितलं. मामा "अगदी बरोबर" म्हणाले. मग मामांनी सांगितलं की ती मांस-मच्छी खात नाही. बाईंनी काहीतरी विचारलं. मामांनी बकरीचा, मग कोंबडीचा आवाज काढला आणि दोन्हींनंतर ठामपणे "नाही, नाही" म्हटलं. शेवटी म्हणाले, "बटाटा." बाई म्हणाल्या, "प्राता?" मामा म्हणाले, "बटाटा." बाई आनंदाने "प्राता, प्राता" म्हणाल्या, आणि त्या मुद्द्यावर दोन्ही देशांचं एकमत झालं. मध्येच बाईंनी रिसीव्हर बाजूला ठेवून कुणालातरी दाराबाहेर हाकललं, कोंबड्या असाव्यात, आणि परत येऊन वाक्य जिथे तोडलं होतं तिथून पुढे चालू केलं. फोन ठेवल्यावर मी विचारलं, मामा, काय कळलं तुम्हाला? म्हणाले, "शब्द एक कळला. पण बाई पक्क्या आहेत. हीच शाळा."

जूनच्या शेवटी पोरी गेल्या. शाळेने त्यांचे मोबाइल पहिल्याच दिवशी काढून घेतले. सुखरूप पोचल्याचा निरोप कार्यालयाकडून आला आणि मग सगळं चिडीचूप. तिथला फोन बाईंच्या स्वयंपाकघरात, आणि स्वयंपाकघरात इंग्रजी बंद. केटलिनने तिच्या आजीला आयरिशमध्ये फोन केला, तेव्हा आम्हाला एवढंच समजलं की सई एकदा इंग्रजी बोलताना सापडली आहे. मी मामांवर चिडले. पोहण्याचा तलाव काय वाईट होता, असं त्यांना ऐकवलं. त्या आठवड्यात ते रोज संध्याकाळी काहीतरी निमित्त काढून येत आणि फोनच्या आसपास बसत.

दुसऱ्या रविवारी मी कुकर लावला आणि फोन वाजला. मामांनीच उचलला, स्पीकरवर टाकला, आणि सईचा आवाज आला.

"आई आहे का? मी सई बोलते. मराठीत बोलते, बाई इथे उभा आहे."

मी हात पुसायचे विसरले. तिने हळूहळू, शब्द चाचपडत सांगितलं. आयरिश पुरेना आणि इंग्रजी चालेना, तेव्हा एकदा रडकुंडीला येऊन ती त्या बाईंशी मराठीत बोलली. बाई थबकल्या, विचार केला, आणि हे इंग्रजी नाही एवढी खात्री करून घेऊन मान डोलावली. तेव्हापासून अडलं की ती मराठीत बोलायची. "मला वाटलं मला येत नाही," ती म्हणाली, "पण खूप आहे आत." मग म्हणाली की तिथे रोज पाऊस पडतो, की बाई फार चांगला आहे, आणि तिला ती पिवळी खिचडी पाहिजे. पिवळी कशाने, ते तिला आठवत नव्हतं. मी "हळद" म्हटलं आणि फोन मामांकडे सरकवला. मामाआजोबा आणि नात बराच वेळ बोलले. बटाट्यांबद्दल, कोंबड्यांबद्दल, समुद्राबद्दल. मामा प्रत्येक वाक्य संपायची वाट बघत होते, कुठेही घाई न करता.

फोन संपल्यावर मामांनी रिसीव्हर पुन्हा उचलला आणि रेडमंडचा नंबर फिरवला. तिकडे सकाळ होती. मुलाने "हाय डॅड" म्हणताच मामा मराठीत बोलायला लागले. विशेष काही नाही, सईचा फोन आला होता, ती मजेत आहे, एवढंच. मग मुलाने काळजीने विचारलं, "डॅड, इज एव्हरीथिंग ओके?" मामा म्हणाले, येस, येस, ऑल फाइन. हाऊ इज द वेदर? मुलाने हवा सांगितली. मामांनी आमच्याकडची सांगितली. मी ओट्याकडे वळले आणि उगाच भांडी हलवू लागले.

फोन ठेवायची वेळ आली तसा मुलगा घुटमळला. मग अडखळत, एखादी जुनी वस्तू माळ्यावरून जपून खाली काढावी तसं, म्हणाला, "जेवलास का?"

वडिलांना आमच्याकडे असं एकेरीत कुणी विचारत नाही. पण लहानपणी ज्यांच्याकडून त्याला ते वाक्य मिळालं होतं, त्यांनी ते त्याला असंच विचारलेलं असणार.

"हो," मामा म्हणाले, "जेवलो."

आमची पानं अजून मांडायची होती.