सव्वा मूठ गहू

"बापनं नाव सांग, मंग टाकस," मी माझ्या विधवा जावेला म्हणाले. तिचं तीन महिन्यांचं पोर मांडीवर होतं आणि ओसरीवर भाऊबंदकीतल्या सगळ्या बाया बसल्या होत्या.

आमच्या एरंडोलकडच्या गावात श्रावणात कानबाई देवीच्या रोटांसाठी, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्यांसाठी, गहू काढतात, तेव्हा घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ सुपात पडते. तान्ह्या पोराचीसुद्धा. मूठ पडली की माणूस घरातला, आणि रोट फक्त घरातल्यांनीच दार लावून खायचा. मी मोठी सून, म्हणून गहू माझ्या हातात. पहिली मूठ नवऱ्याची टाकली, मग दिरांची, पुतण्यांची, आणि हात थांबवला. जाऊ हळूच म्हणाली, "अक्का, मना पोऱ्यानी मूठ ऱ्हायनी." तिचा नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. चुलतसासू म्हणाली, "मरेल माणूसले पोऱ्या व्हस का वं?" बाया हसल्या. तेव्हा मी ते बोलले.

बाप कोण ते मला माहीत होतं. दिवस गेले तेव्हाच जावेने माझे पाय धरून सांगितलं होतं. माझा नवरा. नाव घेतलंस तर घराबाहेर काढीन, असा दम मीच तिला दिला होता, आणि आता चारचौघींत मीच नाव विचारत होते. ती माझ्याकडे बघत राहिली. नाव घेतलं नाही. पोराला उचलून मागच्या खोलीत गेली. त्या वर्षी तिला रोट मिळाला नाही, पुढेही कधी नाही.

त्याला आता कितीतरी वर्षं झाली; माझी नात जळगावला कॉलेजात आहे. परवा परीक्षेसाठी एका इंग्रजी कादंबरीबद्दल घोकत होती. जुन्या काळी परदेशात एका बाईला नवरा जवळ नसताना मूल झालं, तर गावाने तिच्या छातीवर पापाचं अक्षर लावलं. बाप गावातच, मानाचा माणूस, गप्प. पुढे त्या बाईने आजाऱ्यांची सेवा केली आणि लोक त्याच अक्षराला मान देऊ लागले. याला प्रतीक म्हणतात, नात म्हणाली, परीक्षेत हमखास येतं.

मी चौथी शिकलेली, मला त्यातलं काही कळत नाही. पण जाऊ डोळ्यांसमोर आली. तिनेही पुढे गावातल्या निम्म्या बायांची बाळंतपणं केली, माझ्या सुनांचीही. बाया तिच्या पाया पडायच्या आणि रोटाच्या दिवशी दार लोटून घ्यायच्या. मीही लोटलं.

नातीला सांगून टाकलं, की माझ्या जावेचं ते पोर तुझ्या आजोबांचं. तिने वही मिटली. म्हणाली, "आजी, मला काय सांगतेस? त्या काकांना सांग."

जावेचा तो मुलगा आता धुळ्याला असतो. फोन केला, बापाचं नाव सांगितलं, यंदा रोटाला ये म्हटलं. तो म्हणाला, नाव आईने मरताना सांगितलं होतं. तुमच्या तोंडून ते आई असताना यायला हवं होतं. मी येणार नाही. आवाज त्याने चढवला नाही.

नवरा गेला, जाऊ गेली, ओसरीवरच्या बायाही एकेक करून गेल्या. त्या दिवशीच्या ओसरीवरचे आता दोघंच उरलो: तो आहे, आणि मी आहे.