मामा कापले गेले

माझ्या भावाच्या लग्नाला आमचे सख्खे मामा हजर होते, हे सिद्ध करायला मला तीन आठवडे लागले.

तसे मामा न दिसण्यासारखे नाहीत. अंबाडीला राहतात, वजन शंभरीच्या पुढे, आवाज त्याहून पुढे. रस्त्याकडची जमीन गोडाऊनला दिल्यावर त्यांनी आधी गाडी घेतली, मग गळ्यात साखळ्या घेतल्या आणि गळ्यात जागा उरली नाही तेव्हा एचडी कॅमेरा घेतला. (एचडी म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नव्हतं. शेजाऱ्याकडे नाही, एवढं पुरेसं होतं.) भाच्याच्या लग्नात त्यांनी तो बोहल्यासमोर स्टँडवर लावला, छोट्या पडद्यात बघून स्वतःची उभं राहायची जागा खडूने आखली, बटण दाबलं आणि धावत जाऊन त्या खुणेवर उभे राहिले. डावीकडे मामा, मधे नवरा-नवरी, उजवीकडे कलश घेतलेली करवली, म्हणजे मी. दोन तास ना कॅमेरा हलला, ना मामा.

लग्नानंतर कॅमेरा, टेप आणि एक केबल माझ्या हातात ठेवून ते म्हणाले, "बाय, तू कॉम्प्युटर शिकलीस ना? आता पंचवीस डीव्हीडी काढ. समद्या गावाला दिसू दे, भाच्याच्या पाठी मामा कसा उभा हाय!"

मी तीन महिन्यांचा कोर्स केला होता. त्यात पत्र टाईप करायला शिकवलं होतं, मामा उतरवून घ्यायला नव्हतं. पण नाही म्हणायची सोय नव्हती. दोन महिन्यांवर माझंच लग्न होतं, मुलीला हाताला धरून बोहल्यावर आणायचा मान मामाचा, आणि मला मामा एकच!

केबल जोडली. कॉम्प्युटर म्हणाला, काहीही जोडलेलं नाही. उपटली, पुसली, फुंकर मारली, परत जोडली.

"देवाचं नाव घेऊन जोड," बाबा म्हणाले.

तेही घेतलं. कॉम्प्युटर नास्तिक निघाला. शेवटी निजामपुऱ्यात कॅमेऱ्यांचं दुकान असलेल्या इक्बालभाईंना फोन केला.

"कॉम्प्युटर कितना पुराना हाय, बेटा?"

"मी दहावीत होते तेव्हाचा."

"मग त्याला एचडी झेपनार नाय. कॅमेऱ्यालाच बोलायचं, बाबा, साधा करके दे. केबल निकालो, मेनू में जाऊन एचडीचं साधं करो, फिर केबल लगाव. पहले सेटिंग, बाद में केबल. उलटा किया तो बैठे रहो!"

मी सकाळपासून उलटं करूनच बसले होते.

सुलट केल्यावर चित्र आलं. पण आता कॅमेरा विचारायला लागला, माझं चित्र रुंद, तुमचा टीव्ही चौकोनी, बसवू कसं? तीन पर्याय होते. पहिल्यात चित्राच्या वर आणि खाली काळे पट्टे आले. आई किंचाळलीच.

"लग्नाच्या शूटिंगला काळं? बदल आधी!"

दुसऱ्यात चित्र दोन्ही बाजूंनी दाबलं गेलं आणि सगळं वऱ्हाड उंच आणि सडपातळ झालं.

"अगंबाई, मी केवढी बारीक दिसते! हेच ठेव," आई म्हणाली.

"आणि नवऱ्या मुलाला आपण जेवायला घालत नाही असं दिसतंय, त्याचं काय?" बाबा म्हणाले.

तिसरा पर्याय होता 'कडा कापा'. काळं नाही, कुणी बारीक नाही, मधोमध नवरा-नवरी अगदी ठसठशीत. हेच ठेव, असं सगळे एकमुखाने म्हणाले. (आमच्या घरात एकमत झालं, तेव्हाच मी घाबरायला हवं होतं.) कडा कापा म्हटल्यावर कडा कापल्या जाणार, आणि कडेला कोण उभं आहे हे बघायला हवं, हे कुणाच्याही डोक्यात आलं नाही. कोर्स केलेली मी एकटीच होते, त्यामुळे कुणाला दोष देता येत नाही.

टेप जितकी लांब, तितकाच वेळ ती उतरायला लागते. म्हणून मी शुक्रवार गाठला. त्या दिवशी आमच्या गल्लीतले कापडाचे लूम बंद असतात आणि व्होल्टेज जरा माणसात असतं. टेप उतरली, पंचवीस डीव्हीडी निघाल्या, वाटल्या. दुसऱ्याच दिवशी मामांचा फोन आला.

"बाय, मी लग्नाला व्हतो का न्हवतो?"

"होतात की, मामा!"

"मंग दिसत का न्हाय? निस्ता हात दिसतोय! अक्षता टाकतोय नि परत भाईर जातोय! चार अंगठ्या हायेत म्हणून तुझ्या मामीनं वळखला!"

"मामा, ते सेटिंग..."

"भाच्याच्या पाठी ज्याला उभा ठेवला न्हाय, त्यानं भाचीला कशाला आणायचं बोहल्यावर? तुझ्या कॉम्प्युटरला सांग हात धरायला!"

आई तिथेच बसली आणि पदर डोळ्यांना लावला. "एकुलता एक भाऊ माझा. तो तू बटण दाबून कापलास." एरवी मला हसू आलं असतं. पण तिचा चेहरा बघून मी कॅमेरा परत टेबलावर मांडला.

पुढच्या शुक्रवारी परत केबल काढली, सेटिंग बदललं, केबल लावली. या वेळी काळे पट्टे ठेवले. "काळं तर काळं, पण माझा दादा दिसू दे," आई म्हणाली. ती डीव्हीडी घेऊन आम्ही दोघी अंबाडीला गेलो. मामांनी दोन तास स्वतःला पाहिलं, डोळे पुसले आणि म्हणाले, "आता कसा बरोबर आलाय!" उत्साहाच्या भरात त्यांनी पन्नास कॉपी काढल्या आणि स्वतः गाडीतून वाटल्या. पहिली माझ्या होणाऱ्या सासरी.

चार दिवसांनी होणाऱ्या सासूबाईंचा फोन आला. "शूटिंग छान आलंय हो. मामा पूर्ण दिसतात. तूही पूर्ण दिसतेस."

त्या 'तूही'मध्ये काहीतरी होतं. मी धावत जाऊन डीव्हीडी लावली. अंबाडीला आम्ही सगळ्यांनी डावी कडाच पाहिली होती. उजव्या कडेला मी होते, माझ्या एका हातात कलश होता, आणि दुसऱ्या हाताशी वहिनीच्या माहेरच्यांनी मांडलेलं रुखवत. त्यात पेढ्यांचं एक देऊळ होतं. पहिल्या मंगलाष्टकाला त्याचा कळस गेला. दुसऱ्याला शिखर. शेवटच्या 'सावधान'ला सगळं वऱ्हाड अक्षता टाकत होतं आणि मी गाभारा तोंडात टाकत होते! वहिनीच्या माहेरी हे पाप इतके दिवस मुंग्यांच्या नावावर होतं.

माझ्या लग्नाला मामा आले. मानाचा फेटा बांधून, माझा दंड धरून त्यांनी मला मांडवात आणलं. आईचा चेहरा बघून मला भरून आलं. बोहल्याच्या अलीकडे, रुखवताच्या टेबलाशी ते थांबले आणि त्यांनी एक भलाथोरला नारळ माझ्या ओंजळीत ठेवला.

"हा कशाला, मामा?"

"दोनी हातांनी घट्ट धर. तुझी सासू बघतेय."

मी धरला. खोटं कशाला बोलू, लाडवांचा डोंगर अगदी हातभर अंतरावर होता!